चकतीवरची रेघ चाकाची, गाडीची नव्हे

वणीजवळच्या एका गावातून एका मुलाचा प्रश्न आला आहे. तो आयटीआयत मोटार मेकॅनिकचा कोर्स करतो. लिहितो: "काकाजी, भंगारात आलेल्या जुन्या परदेशी क्रेनमधलं एक मीटर मला भेटलं. समोरून साध्या स्पीडोमीटरसारखंच दिसते, पण किल्ली लावली की तोंड उघडते. आत घड्याळ आहे, तीन बारीक सुया आहेत अन् कागदाची एक गोल चकती आहे. चकतीवर रेघोट्या आहेत. हे वेग कसा मोजते? ब्रेकची रेघ कोणती? अन् आमच्या ट्रॅक्टरवर असं काही लावता येईल का?"

बाबू, तुला जे मिळालं त्याला टॅकोग्राफ म्हणतात, म्हणजे वेग, वेळ आणि अंतर कागदावर नोंदवत जाणारं मीटर. आधी एक कर: त्या चकतीवर बोट घासू नकोस, पेट्रोलनं पुसू नकोस, पेटी उन्हात ठेवू नकोस. का, ते पुढे येईलच. मी चौतीस वर्षं मीटर दुरुस्तीचं दुकान चालवतो आहे. त्याआधी घड्याळं दुरुस्त करत होतो. ट्रक, जीप, टिपर, ट्रॅक्टर, सगळ्यांची मीटरं हाताखालून गेली. असे टॅकोग्राफ मात्र मोजकेच आले, तेही खाणीच्या कामावर आलेल्या परदेशी बनावटीच्या गाड्यांतले. म्हणून तुझ्या प्रश्नाला जरा लांबच उत्तर देतो.

तुझ्या मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी. ब्रेकची रेघ त्या चकतीवर नाहीच. तीन सुयांपैकी एक वेग लिहिते, एक गाडी कामावर आहे की उभी आहे ते लिहिते, एक अंतर लिहिते. ब्रेक लागला हे आपण वेगाच्या रेघेच्या उतरणीवरून ओळखायचं असतं. आणि तो वेगसुद्धा गाडीचा नसतो, चाकाचा असतो. हा फरक नीट समजला की बाकीचं सगळं सोपं आहे, आणि तो न समजल्यामुळे एका शेतकऱ्याच्या तोंडचं खरं खोटं ठरायला आलं होतं. तेही सांगतो.

आता वेग. पेटी उलटी करून बघ. मागे बारीक चौकोनी भोक असेल तर ती फिरत्या वायरवर चालणारी, म्हणजे पूर्ण यांत्रिक. भोक नसून फक्त विजेचे प्लग असतील तर ती नंतरची. तिच्यात गिअरबॉक्सवरून विजेचे ठोके येतात आणि सुया आतली मोटर हलवते. तू घड्याळ आणि सुयांचंच लिहिलं आहेस, म्हणून वायरवाली धरून चालतो.

गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला, जिथून प्रोपेलर शाफ्ट निघतो, तिथे एक छोटं वर्म गिअर असतं. त्यात मीटरची वायर बसते. वायर म्हणजे पोलादी तारांचे उलटसुलट पीळ घातलेला लवचिक दांडा, बाहेरून हाऊसिंग. गाडी चालली की वायर फिरते. एक किलोमीटरला किती फेरे, हे मीटरच्या पाटीवर लिहिलेलं असतं. समजा १००० फेरे. मग ताशी ६० किलोमीटरला मिनिटात एक किलोमीटर होतो, म्हणजे वायर मिनिटाला १००० फेरे घेते. मीटरला गाडीचं एवढंच कळतं. रस्ता त्यानं पाहिलेला नसतो.

म्हणून टायर बदलला की मीटर चुकतं. ट्रकच्या १०.००-२० मापाच्या टायरचा घेर सव्वातीन मीटरच्या आसपास, म्हणजे किलोमीटरला चाकाचे साधारण ३१० फेरे. ९.००-२० काढून त्या जागी १०.००-२० घातला तर चाक मोठं झालं, फेरे कमी झाले, मीटर खऱ्यापेक्षा सुमारे ३ टक्के कमी दाखवणार. टायर झिजला तर उलटं. अर्धा मीटर त्रिज्येच्या टायरची १२ मिलिमीटर नक्षी गेली की मीटर २ टक्क्यांच्या वर जास्त दाखवतं. चकतीवर ५० ची रेघ दिसली तर खरा वेग नेमका ५० होता असं शपथेवर सांगायच्या आधी टायर कोणता होता ते विचार.

वायर फिरली, पुढे काय? पेटीत एक कायमचा चुंबक फिरतो. त्याच्या भोवती ॲल्युमिनियमची पातळ वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही, आणि ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटतही नाही. तरी चुंबक फिरला की वाटीच्या पत्र्यात विजेचे भोवरे उठतात, त्या भोवऱ्यांचं स्वतःचं चुंबकत्व तयार होतं आणि वाटी चुंबकाच्या मागे ओढली जाते. तिला पूर्ण फिरू देत नाही ती केसासारखी बारीक स्प्रिंग, घड्याळजी जिला बालकमानी म्हणतात. चुंबक जितका जोरात फिरेल तितकी ओढ जास्त. स्प्रिंग जितकी पिळली जाईल तितका विरोध जास्त. दोघांचं जिथे जमतं तिथे काटा थांबतो. ही युक्ती जर्मन संशोधक ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये पेटंट केली. परवा दुकानात आलेल्या जुन्या जीपच्या मीटरमध्येही तीच होती.

यातली खरी सुंदर गोष्ट अशी की ओढ वेगाच्या सरळ प्रमाणात असते. वेग दुप्पट, ओढ दुप्पट. त्यामुळे आकडे डायलवर सारख्या अंतरावर बसतात. त्याआधीच्या मीटरांत वजनाचे गोळे फिरायचे आणि वेगासोबत बाहेर फाकायचे. तिथे जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून खालचे आकडे एकमेकांना खेटून आणि वरचे लांब लांब. ताशी १५ आणि २० मधला फरक वाचायला डोळे फोडावे लागायचे. तिसराही एक प्रकार आहे. त्यात घड्याळ ठरावीक वेळ मोजतं, तेवढ्या वेळात चाकाचे फेरे किती झाले ते दातेरी चक्रं मोजतात आणि काटा त्या जागी जाऊन बसतो. मग पुन्हा नव्यानं मोजणी. त्यात काटा सरकत नाही, पायरी पायरीनं उडतो. रेल्वे इंजिनांवर गाजलेली स्वित्झर्लंडच्या हास्लर कंपनीची यंत्रं या जातीची. ती अचूक, पण किचकट. घड्याळाचं काम केलेला माणूसच ती उघडायची हिंमत करतो.

वाटी-चुंबकाच्या मीटरला आपल्या भागात एक खास शत्रू आहे. ऊन. ॲल्युमिनियम एक अंश तापलं की त्याचा विजेला विरोध सुमारे ०.४ टक्के वाढतो. विरोध वाढला की भोवरे कमजोर, ओढ कमी, काटा खाली. डिसेंबरात पहाटे १० अंश आणि मे महिन्यात चंद्रपूर-वणीकडे ४६, म्हणजे ३६ अंशांचा फरक. हिशेब कर: विरोध जवळपास १४ टक्के वाढला, म्हणजे ओढ १२-१३ टक्के घटली. हिवाळ्यात ६० दाखवणारं मीटर त्याच वेगाला उन्हाळ्यात ५२-५३ दाखवेल. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड तर हवेपेक्षाही तापतो.

असं होऊ नये म्हणून चुंबकाला लागून निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूची एक पातळ चकती बसवलेली असते. थंडीत ती चुंबकाचा बराचसा जोर स्वतःकडे वळवून घेते, वाटीपर्यंत पोचू देत नाही. तापली की तिची ही ताकद कमी होते आणि जास्त जोर वाटीकडे जातो. वाटी जितकं गमावते, तितकं ही भरून देते. दिसायला ती अगदी वॉशरसारखी. नवी पोरं मीटर उघडतात, जोडताना एक 'वॉशर' उरला म्हणून फेकून देतात आणि मग उन्हाळ्यात गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं. तू पेटी उघडशील तेव्हा जे निघेल ते ज्या क्रमानं निघालं त्याच क्रमानं कापडावर मांडून ठेव.

वायरीबद्दल दोन शब्द, कारण टॅकोग्राफवरच्या निम्म्या खोट्या रेघा तिच्यामुळे येतात. वायर कोरडी पडली किंवा हाऊसिंगला आखूड बेंड आला की ती अडकते, पीळ साठवते आणि एकदम सुटते. काटा नाचतो. चकतीवर ती रेघ करवतीच्या दात्यांसारखी उमटते आणि न जाणणाऱ्याला वाटतं, ड्रायव्हर सारखा ब्रेक-रेस, ब्रेक-रेस करत होता. ग्रीस लावायचं तर ग्राफाइटचं, तेही गिअरबॉक्सकडच्या दोन तृतीयांश भागालाच. वरची वीतभर कोरडीच सोडायची. फिरती वायर ग्रीस वर चढवते. ते मीटरमध्ये शिरलं की चुंबक आणि वाटीच्या मधल्या फटीत जाऊन बसतं, दोघांना चिकटवतं आणि काटा ४० च्या वेगाला ८० वर जाऊन पडतो.

आता चकती. तिचा कागद साधा नाही. गडद थरावर मेणाचा फिकट लेप असतो. सुई लिहीत नाही, ओरखडते. लेप निघाला की खालचा गडद रंग दिसतो. शाई नाही, त्यामुळे खड्ड्यांत सांडणं नाही, थंडीत गोठणं नाही, वाळणं नाही. पण नख लागलं तरी नोंद होते आणि उन्हात लेप मऊ पडतो. म्हणून म्हटलं, हात लावू नकोस.

घड्याळ ती चकती २४ तासांत एक फेरा फिरवतं, म्हणजे तासाला १५ अंश. कडेला तास छापलेले असतात. सगळ्यांत बाहेरच्या पट्ट्यात वेग. वेग वाढला की सुई बाहेर सरकते, कमी झाला की आत. मधल्या पट्ट्यात काम आणि विश्रांती. अगदी आतल्या पट्ट्यात अंतर, आणि तेही मोठ्या युक्तीनं: सुई वर जाते, खाली येते, वर जाते, खाली येते. एक चढ म्हणजे ५ किलोमीटर, एक उतार म्हणजे ५ किलोमीटर. गाडी उभी असली की तिथली रेघ सपाट कमानीसारखी पुढे जाते.

या वर-खालीचा खरा उपयोग लबाडी पकडायला होतो. वेगाची सुई वर जाऊ नये म्हणून लोक तिच्या वाटेत रबराचा तुकडा अडकवायचे. मग चकतीवर वेग ५० च्या वर कधी जातच नाही. पण अंतराची सुई वेगळी चालते. एक चढ ४ मिनिटांत पुरा झाला असेल तर ५ किलोमीटर ४ मिनिटांत, म्हणजे ताशी ७५. वेगाची रेघ ५० म्हणते आणि अंतराची ७५, तर खरी अंतराची. तुझ्या चकतीवर हा ताळा करून बघ. लांबचा सलग प्रवास निवड, चढ आणि उतार मिळून दहा मोज, कडेच्या तासांवरून वेळ वाच, ५० किलोमीटरला त्या वेळेनं भाग आणि वेगाच्या रेघेच्या सरासरीशी जुळव. नुसत्या डोळ्यांनी जमतं. पेटी मध्येच उघडली तरी त्याची खूण चकतीवर उमटते, तीही दिसते का बघ.

युरोपात या चकत्या ट्रक आणि बसना कायद्यानं सक्तीच्या होत्या. १९७० चा नियम, मग १९८५ चा नवा. ड्रायव्हर किती तास सलग चालवतो आणि विश्रांती घेतो की नाही, हे बघणं हाच त्यामागचा मुख्य हेतू. मे २००६ पासून तिकडच्या नव्या अवजड गाड्यांत डिजिटल यंत्र आलं आणि मेणाची चकती मागे पडली. कल्पना मात्र फार जुनी आहे. गणकयंत्राच्या कामासाठी जग ज्यांना ओळखतं त्या चार्ल्स बॅबेज यांनी १८३९ च्या सुमारास इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेवर एक डबा तयार केला होता. त्यात कागदाची लांब गुंडाळी सरकायची आणि पेनं गाडीची ओढ, वेग आणि हादरे त्यावर लिहीत जायची. अशी नोंद प्रत्येक गाडीवर असावी, म्हणजे अपघातानंतर माणसांच्या आठवणीवर विसंबावं लागणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. रेल्वेच्या पुढच्या काही यंत्रांत ब्रेकच्या नळीतल्या हवेच्या दाबाचीही वेगळी रेघ आली. तिथे मात्र ब्रेक कधी लावला हे सरळ दिसतं. ट्रकच्या साध्या चकतीवर ते नाही.

मग ट्रकच्या चकतीवर ब्रेक वाचायचा कसा? वेगाची रेघ जितकी उभी उतरेल तितका ब्रेक जोराचा, असं पुस्तक सांगतं. बरोबर आहे, पण माप बघ. वेगाची रेघ मध्यापासून ४८ मिलिमीटरवर आहे असं धर. तिथला घेर साधारण ३०० मिलिमीटर. तो २४ तासांत फिरतो. म्हणजे तासाला साडेबारा मिलिमीटर, मिनिटाला एक पंचमांश मिलिमीटर, सेकंदाला साडेतीन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे त्या चकतीवर केसाच्या जाडीत २० सेकंद मावतात. ताशी ६० ची गाडी बऱ्या ब्रेकनं साडेतीन सेकंदांत थांबते. दहा सेकंदांत थांबली तरी नुसत्या डोळ्याला दोन्ही रेघा सारख्याच उभ्या दिसणार. ब्रेकबद्दल काही बोलायचं तर सूक्ष्मदर्शक पाहिजे, आणि तो वापरायचा सराव झालेला माणूस पाहिजे. भिंगानं बघून "ब्रेक कडक लागला होता" म्हणणारा अंदाज सांगतो आहे.

आता ती गोष्ट. बरीच वर्षं झाली. मृग लागला होता, पहिले दोन-तीन पाऊस पडून गेले होते. वावरातून निघालेल्या ट्रॅक्टरांनी डांबरी रस्त्यावर काळी माती आणून टाकलेली. तुला माहीत आहे, आपली काळी माती भिजली की रस्त्यावर लोण्यासारखी पसरते. एका वळणाच्या पुढे कोळशाचा रिकामा टिपर बैलगाडीवर मागून आदळला. गाडीवानाचा खांदा निखळला, एक बैल जागीच गेला. टिपरच्या मालकानं चकती काढून माझ्याकडे आणली. म्हणाला, "हे बघा मिस्त्री, ४५ वरून रेघ सरळ शून्यावर. गाडी जागेवर थांबली होती. बैलच बिचकून मागे सरकले अन् गाडीवर आदळले. तसं लिहून द्या."

रेघ खरंच उभी होती. पण वर सांगितलं तसं, उभी रेघ म्हणजे काही सेकंद, एवढंच. एक की सहा, हे डोळा सांगत नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट दुसरी. मीटरची वायर गिअरबॉक्सच्या मागून निघते, म्हणजे ती मागच्या चाकांना बांधलेली. चिखलात ब्रेक दाबला की रिकाम्या टिपरची मागची चाकं आधी अडकतात. चाक अडकलं की वायर थांबते, चुंबक थांबतो, काटा शून्यावर येतो. अंतराची सुईही थांबते. गाडी मात्र घसरतच असते. चकतीच्या हिशेबानं गाडी उभी आहे आणि रस्त्यावर ती बैलगाडीकडे चालली आहे.

मी म्हटलं, आधी जागा बघू. गेलो. पावसानं बरंच पुसलं होतं, तरी चिखलात दोन पट्टे स्पष्ट होते. नक्षी उमटलेली नव्हती, माती खरवडून निघाली होती. फिरत्या चाकाचा माग नक्षीचा असतो, अडकलेल्याचा खरवडलेला. टेपनं मोजलं, ३२ मीटर. ४५ ची गाडी म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. साडेबाराचा वर्ग १५६. त्याला ३२ च्या दुपटीनं भागलं तर दर सेकंदाला वेग सुमारे २.४ मीटरनं घटला. गुरुत्वाच्या ९.८ शी तुलना केली तर एक चतुर्थांश. कोरड्या डांबरावर रबराची पकड याच्या दोन-तीन पट असते. ओल्या चिखलावर ती अशीच पाव हिश्श्याच्या आसपास उतरते. म्हणजे सगळं जुळत होतं. टिपर पाच सेकंद घसरत गेला आणि या पाच सेकंदांत चकती शून्य सांगत राहिली.

मी लिहून दिलं ते असं: चकती मागच्या चाकांचा वेग दाखवते, गाडी थांबली होती असं ती सांगत नाही, आणि रस्त्यावर ३२ मीटर घसरल्याच्या खुणा आहेत. मालक नाराज होऊन गेला. पुढे गावच्या चार लोकांत बसून बैलाची भरपाई आणि दवाखान्याचा खर्च त्यानं दिला. गाडीवान पहिल्या दिवसापासून एकच सांगत होता, "माह्ये बैल हाललेच नाई." त्याच्या शब्दापेक्षा कागदावर लोकांचा विश्वास जास्त होता, आणि कागद खोटं बोलत नव्हता. त्याला विचारायचा प्रश्न चुकीचा होता.

म्हणून ब्रेक तपासायचा असेल तर चाकाला न विचारता गाडीच्या अंगाला विचारणारं यंत्र लागतं. ते म्हणजे लंबक. एसटीत उभा असताना ड्रायव्हरनं ब्रेक मारला की आपण पुढे झुकतो, तसाच पेटीत टांगलेला लंबक पुढे झुकतो. किती झुकला ते दातेरी चक्रांनी मोठं करून डायलवर दाखवायचं. त्याची झुलणी तेलानं आवरायची आणि सगळ्यांत मोठा आकडा अडकवून ठेवायचा, म्हणजे गाडी थांबवून निवांत वाचता येतो. इंग्लंडचं टॅपली मीटर या प्रकारातलं सगळ्यांत प्रसिद्ध. त्याला वायर नाही, चाकाशी संबंध नाही, गाडीच्या फरशीवर ठेवलं की झालं. त्याचे आकडे टक्क्यांत असतात. ५० टक्के म्हणजे ब्रेकचा एकूण जोर गाडीच्या वजनाच्या निम्मा. त्या ब्रेकनं ६० ची गाडी सुमारे २८ मीटरमध्ये थांबते. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर त्याचे आणखी १७ मीटर धर.

लंबकाची एक खुबी फार थोड्यांना माहीत असते. सपाट जागी शून्य लावून घेतलं आणि मग चिखलदऱ्याच्या घाटात उतारावर ब्रेक मारला, तरी तो ब्रेकचाच जोर दाखवतो. उतारामुळे गाडी उशिरा थांबली तरी आकडा बदलत नाही. उतारावरच शून्य लावलं तर मात्र वेग किती झपाट्यानं घटला ते दाखवतो. दोन्ही आकडे कामाचे आहेत, पण तू कोणता घेतलास ते वहीत लिहून ठेव. आणि ब्रेक लागला की गाडीचं नाक खाली दबतं. ते दोन अंश दबलं तरी लंबकाला साडेतीन टक्के जास्त वाटतात. मऊ कमान्यांच्या जीपमध्ये हे जास्त होतं. ट्रॅक्टरला मागे कमान्याच नसतात, म्हणून तिथे आकडा बराच खरा येतो.

आता तुझा ट्रॅक्टर. टॅकोग्राफ त्यावर बसवण्याच्या भानगडीत पडू नकोस. तुझ्या ट्रॅक्टरची वायर किलोमीटरला किती फेरे घेते आणि त्या पेटीला किती लागतात हे जुळणार नाही, मध्ये वेगळी गिअरची डबी करावी लागेल. शिवाय तुला हवा आहे तो ब्रेक, आणि तो ती पेटी सांगत नाही. त्याऐवजी गवंड्याची पाण्याची नळी घे. तीच, जिच्यानं पायाची पातळी बघतात.

ट्रॅक्टरच्या किंवा ट्रॉलीच्या बाजूला, लांबीच्या दिशेनं, एक मीटर अंतरावर दोन उभ्या पट्ट्या बांध. नळी इंग्रजी यू अक्षरासारखी त्यावर बसव, दोन्ही हात किमान ४० सेंटिमीटर उंच ठेव. पाण्यात थोडी कपड्याची नीळ टाक, लांबून दिसेल. सपाट जागी उभं राहून दोन्हीकडे पाण्याच्या पातळीवर खूण कर. ब्रेक लागला की पाणी पुढच्या हातात चढतं, मागच्यात उतरतं. दोन पातळ्यांतला फरक भागिले दोन हातांमधलं अंतर, हाच तुझा ब्रेक. एक मीटर अंतर आणि ३० सेंटिमीटर फरक, म्हणजे ३० टक्के. पाणी फार हेलकावत असेल तर नळीच्या मध्यावर चिमटा लावून भोक बारीक कर, तेच टॅपलीतल्या तेलाचं काम करतं. मित्राला मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांग, पण ट्रॉलीवर उभं राहून नाही, रस्त्याच्या कडेला उभं राहून. आकडा नंतर व्हिडिओ थांबवून वाच.

पाच वेळा कर. आधी नुसत्या ट्रॅक्टरचा ब्रेक घे, मग रिकामी ट्रॉली जोडून, मग भरलेली. तू काय बघशील ते आताच सांगतो. समजा दोन टनांचा ट्रॅक्टर एकटा असताना ४० टक्के देतो. त्याच्यामागे कापसाची किंवा सोयाबीनची चार टनांची ट्रॉली लावली आणि ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसला, तर तोच जोर सहा टनांत वाटला जातो. हाती उरतात १३ टक्के. ताशी २५ ला जो ट्रॅक्टर सहा मीटरमध्ये थांबत होता, तो १८ मीटरपर्यंत जातो. हे आकडे मी सभेत पुष्कळदा सांगितले, लोक मान हलवतात आणि घरी जातात. नळीतलं निळं पाणी जेमतेम चार बोटं हललेलं एकदा डोळ्यांनी बघितलं की ट्रॉलीला ब्रेक बसवायला माणूस स्वतःहून विचारायला येतो. माझ्याकडे असे तिघे आले.

चाचणी कोरड्या, मोकळ्या, सपाट रस्त्यावरच घे. वेग २० च्या वर नको. ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक जोडणारी पट्टी लावलेली आहे ना ते आधी हातानं ओढून बघ. वावरात वळताना ती काढतात आणि रस्त्यावर येताना विसरतात. एकाच बाजूचा ब्रेक लागला तर नळीत आकडा कमी येईल आणि ट्रॅक्टर आडवा होईल. भरलेल्या ट्रॉलीच्या वेळी सुरुवात १० च्या वेगानं कर. आणि ती चकती कोरड्या वहीच्या दोन पानांत सपाट ठेवून, थंड वेळेला, दुकानात घेऊन ये. सूक्ष्मदर्शक माझ्याकडे नाही, पण घड्याळजीचं भिंग आहे. अंतराच्या चढउतारांवरून त्या क्रेनचा शेवटचा दिवस आपण दोघं मिळून वाचू.